पन्नाशीनंतरची चाल

मध्यम श्रम तासन्तास आणि दिवसेंदिवस करत राहण्याची जी ताकद शरीरात असते, तिला क्रीडाशास्त्रात दमसास किंवा दीर्घ पल्ल्याची क्षमता म्हणतात. माणसाच्या शारीरिक क्षमतांपैकी वयाला सर्वांत उशिरा शरण जाणारी क्षमता बहुधा हीच असते. उंच झेप, झटक्यात घेतलेला वेग आणि एका दमात उचललेले ओझे यांची घट आधी जाणवू लागते, पण दिवसभर चालण्याची शक्ती, ती वापरात ठेवली असेल तर, साठीतही टिकून राहते. याचा पुरावा पाहायला पुणे जिल्ह्यात क्रीडासंकुलात जावे लागत नाही. ज्येष्ठाच्या शेवटच्या दिवसांत दौंड तालुक्यातून, यवतपासून पाटसमार्गे रोटीच्या घाटापर्यंत, संत तुकाराम महाराजांची पालखी जाते तेव्हा तिच्यामागून चालणाऱ्यांत पन्नाशी पार केलेल्यांचा वाटा इतका मोठा असतो, की पन्नाशीनंतरच्या दमसासाचा विचार करताना जगातल्या कोणत्याही शर्यतीइतकेच लक्ष या रस्त्याकडे द्यायला हवे.

वारकरी स्वतःला खेळाडू समजत नाही, आणि त्याच्या वाटचालीला क्रीडाप्रकार म्हणणे हे तिच्या हेतूला सोडून होईल. तरीही हेतू कोणताही असला तरी गुडघ्यांना, हृदयाला आणि फुप्फुसांना काम करावेच लागते, आणि ते काम थोडे नाही. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये या पालखी सोहळ्याला आरंभ केला असे परंपरा सांगते. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली पालखी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोहोचते, म्हणजे अडीच आठवड्यांहून अधिक काळ रोज पंधरा ते पंचवीस किलोमीटर चालणे होते. लोणी काळभोर ते यवत हा टप्पा पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरतो; पुढे वरवंडचा मुक्काम होतो, पाटसला पालखी सोलापूर महामार्ग सोडून बारामतीकडे वळते आणि रोटीच्या घाटात चढ लागतो, जिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. पाठीवर किंवा डोक्यावर ओझे, कधी ऊन तर कधी पाऊस, झोप तंबूत किंवा देवळाच्या ओवरीत आणि उठणे पहाटेच्या काकड्याला, हे सारे हिशेबात धरले तर हा भार एखाद्या तयारीच्या धावपटूच्या आठवड्याच्या सरावालाही मागे टाकणारा आहे.

वयाबरोबर शरीरात नेमके काय घटते, हे या ठिकाणी पाहिले पाहिजे. पूर्ण श्रमाच्या वेळी शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या मापाला कमाल प्राणवायू-ग्रहण म्हणतात आणि दमसासाचे ते सर्वांत विश्वसनीय माप समजले जाते. बैठे जीवन जगणाऱ्या माणसात तिशीनंतर हे माप दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, तर नियमित सराव ठेवणाऱ्यांत ही घसरण बरीच मंदावते आणि काही अभ्यासांत ती जवळजवळ निम्म्यावर आलेली आढळते. या घसरणीचे एक मोठे कारण हृदयाची कमाल गती कमी होणे हे असून तिला कोणताही व्यायाम थांबवू शकत नाही. २२० मधून वय वजा करण्याचे जुने सूत्र पंचावन्न वर्षांच्या माणसाला मिनिटाला १६५ ठोके देते, आणि २००१ मध्ये मांडले गेलेले सुधारित सूत्र, म्हणजे २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करणे, सुमारे १७० देते. पण ही दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत आणि प्रत्यक्ष माणूस त्यांच्यापासून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडे-तिकडे असतो. शिवाय रक्तदाबासाठी हृदयगती मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ही सूत्रे लागूच पडत नाहीत. मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या आकड्यावर पन्नाशीनंतर किती विसंबावे, हा म्हणूनच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर दिंडीत फार पूर्वीपासून आहे, आणि ते श्वासाचे आहे. श्रमाची तीव्रता ओळखण्यासाठी व्यायामशास्त्र बोलण्याची कसोटी वापरते: चालता-धावताना माणसाला गाता येत असेल तर श्रम हलके, गाता येत नाही पण पूर्ण वाक्ये बोलता येतात तर मध्यम, आणि दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल तर तीव्र. या कसोटीमागे शरीरव्यापार असा आहे, की श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की रक्तात साचू लागलेल्या आम्लाला तोंड देण्यासाठी श्वास प्रमाणाबाहेर वाढतो आणि त्या वाढलेल्या श्वासात सूर धरायला जागा उरत नाही. दिंडी मात्र टाळ-मृदंगाच्या साथीने गात गात चालते. पुढचा चरण घेतो, मागचे तो झेलतात, एका गटाच्या गाण्यात दुसऱ्याला दम घेता येतो आणि ज्यात गाता येत नाही असा वेग दिंडी सहसा घेतच नाही. चाल अभंगाने बांधलेली असल्यामुळे तिचा वेग सर्वांत तरुण पायांवर ठरत नाही, सर्वांच्या मिळून चाललेल्या श्वासावर ठरतो. त्यात विसाव्यांची भर पडते: सकाळचा विसावा, दुपारची न्याहारी व विश्रांती, संध्याकाळचा मुक्काम, अशी दिवसाची विभागणी असते, आणि कोणत्या वारकऱ्याने कुठे थांबायचे हे त्याच्या मर्जीवर कमी आणि सोहळ्याच्या शिस्तीवर अधिक अवलंबून असते. पन्नाशीनंतरच्या खेळाडूला जी गोष्ट सर्वांत अवघड जाते, म्हणजे अंगात जोर वाटत असतानाही थांबणे, ती गोष्ट इथे व्यवस्थेनेच त्याच्यावतीने ठरवून टाकलेली आहे. प्रस्तुत लेखकाला या परंपरेतला हा भाग विशेष मोलाचा वाटतो, कारण संयम हा व्यक्तीच्या निग्रहावर सोडला की तो वारंवार हरतो आणि समूहाच्या रीतीत बसवला की टिकतो.

जगभरच्या दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००३ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केली आणि सत्तरी ओलांडल्यावर असे करणारे ते पहिले ठरले; त्यांच्या सरावाचा कणा म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत रोज तासन्तास केलेले संथ धावणे. पुण्याचे आशिष कासोडेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या काळात रोज एक याप्रमाणे ६० दिवसांत ६० मॅरेथॉन पूर्ण केल्या, तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी गाठली होती. प्रत्येक मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे एकूण अंतर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक. असा पराक्रम एखाद्या दिवसाच्या जोरावर होत नाही. आजचे धावणे उद्याच्या धावण्याला आड येणार नाही इतपतच वेग ठेवणे, हे त्याचे मर्म असते, आणि वरवंडहून निघणाऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी उंडवडीला आणि दुसऱ्या दिवशी बारामतीला पोहोचायचे असते म्हणून तोही नकळत हेच पाळत असतो.

आहाराच्या बाबतीत यवतचा मुक्काम प्रसिद्ध आहे, कारण तिथले ग्रामस्थ वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण घालतात आणि त्यासाठी गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात. या ताटाकडे पोषणशास्त्राच्या नजरेने पाहिले तर त्यात मोठी योजकता दिसते. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो हरभऱ्याच्या पिठात भरपूर असतो. हरभऱ्यात मेथिओनिन कमी पडते, ते धान्य पुरवते. त्यामुळे दोन्ही मिळून स्नायूंच्या दुरुस्तीला लागणारे प्रथिन पूर्ण होते, भाकरीतून दुसऱ्या दिवसाचे इंधन मिळते आणि पिठल्यातल्या मिठामुळे घामातून गेलेले सोडियमही काही प्रमाणात भरून निघते. पण एका रात्रीचे जेवण कितीही चांगले असले तरी पन्नाशीनंतर प्रथिनांचा प्रश्न रोजचा असतो. वय वाढले की स्नायू अन्नातल्या प्रथिनाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. म्हणून तरुणाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिन पुरत असले तरी उतारवयातल्यांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात आणि कष्टाचा सराव करणाऱ्याला याहूनही थोडे अधिक लागते. साठ किलो वजनाच्या शेतकऱ्याला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन म्हणजे दोन वेळा डाळ किंवा उसळ, सोबत दूध-दही, आणि चालत असेल तर अंडी. दौंड आणि शेजारच्या शिरूरच्या पट्ट्यात दुधाचा धंदा घरोघरी आहे, तरी सगळे दूध डेअरीला घालून घरच्या वडीलधाऱ्यांनी कोऱ्या चहावर राहायचे असे जिथे होते, तिथे ते बदलले पाहिजे.

तहानेचा विषय याहून नाजूक आहे. वय वाढले की शरीरातले पाणी कमी झाले तरी तहान पूर्वीइतकी लागत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. त्यामुळे तरुणाने तहान लागेल तसे प्यावे हा सल्ला पुरेसा असला तरी साठीतल्या माणसाने विसाव्याच्या प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे पिणे अधिक सुरक्षित ठरते. उलट टोकही तितकेच धोक्याचे आहे, कारण मीठ न घेता नुसतेच पाणी भरमसाट प्यायले तर रक्तातले सोडियम पातळ होऊन गुंगी, उलट्या आणि प्रसंगी झटके येतात; मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-सरबत या दोन्ही टोकांच्या मध्ये नेमके बसते. औषधांचा हिशेब तर स्वतंत्रच करावा लागतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारा माणूस उन्हात लवकर कोरडा पडतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर दिवसभराच्या चालीने अचानक उतरू शकते. अशा माणसाने निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यायला हवी आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवायला हवी. सर्वांत दुर्लक्षित धोका मात्र वेदनाशामक गोळ्यांचा आहे. गुडघे दुखतात म्हणून सकाळ-संध्याकाळ घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीर कोरडे असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या जोडीला ती फारच घातक ठरते. ज्या मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते त्यांना चपलेचा फोड कळत नाही; वाटेवर ठिकठिकाणी सेवेकरी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून मालिश करतात, तेव्हा तेच हात तळव्यांवरच्या जखमाही तपासू लागले तर कित्येक पाय वाचतील. सार्वजनिक आरोग्य विभाग ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावाने वारीत तपासणी आणि उपचारांची सोय करतो. तिचा उपयोग दुखणे उठल्यावरच करायचा, ही सवय मोडायला हवी.

चालण्याने सर्व काही साधत नाही, हे इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान आणि बळ घटत जाण्याला शास्त्रात सार्कोपेनिया असे नाव १९८९ पासून रूढ झाले आहे. त्यात झटक्यात आकुंचन पावणारे जलद तंतू आधी जातात, आणि संथ चालीत या तंतूंना काम पडत नसल्याने रोज वीस किलोमीटर चालणाऱ्याचेही ते झिजतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला, रोटीचा चढ चढायला किंवा जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठायला नेमके हेच तंतू लागतात. उपाय महागडा नाही. या भागातल्या तालमींनी जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार पिढ्यान्पिढ्या जपले आहेत. दुर्दैव इतकेच, की तालीम ही विशीतल्या पोरांची जागा समजली जाते आणि कुस्ती सुटली की मल्लाचा व्यायामही सुटतो. आठवड्यातून दोन दिवस, भिंतीचा किंवा खाटेचा आधार घेऊन का होईना, बैठका आणि जोर सुरू ठेवले तर साठीतल्या स्नायूतही बळ परत येते, याबद्दल शास्त्रात आता शंका उरलेली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत याला हाडांची बाजूही आहे. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांतले खनिज झपाट्याने कमी होते, आणि हाड टिकायचे तर त्यावर भार पडावा लागतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बाईच्या मणक्यांवर आणि कमरेच्या हाडांवर असा भार पडतो. पुणे-नगर रस्त्यावर शिरूरपर्यंत सायकल हाणणाऱ्या पन्नाशीतल्या शहरी सायकलपटूला तो मिळत नाही, कारण सायकल शरीराचे वजन स्वतःवर घेते, आणि वर्षानुवर्षे फक्त सायकलच चालवणाऱ्यांच्या हाडांची घनता कमी असल्याचे आढळले आहे. सायकलींच्या ब्रेव्हे नावाच्या लांब फेऱ्यांपैकी दोनशे किलोमीटरची साडेतेरा तासांत आणि सहाशे किलोमीटरची चाळीस तासांत पुरी करणाऱ्यांनीही म्हणून पायी चालणे आणि वजन उचलणे सोडू नये. बारामतीच्या लता भगवान करे यांचे उदाहरण इथे आठवते. साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाईंनी पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात धाव घेतली आणि ती जिंकली. पुढे त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांचे कौतुक बहुधा चमत्कार म्हणून केले जाते, परंतु आयुष्यभर रानात वाकून, उचलून आणि चालून घडलेल्या शरीराने ऐन वेळी साथ दिली, असे म्हणणे त्यांच्या कष्टांना अधिक न्याय देणारे आहे. उपचारासाठी त्या वयात धावावे लागू नये, ही मागणीही त्याच कौतुकात सामावलेली असली पाहिजे.

वर्षभराचा सराव कुठे करायचा, हा प्रश्न शिरूर तालुक्यात अनपेक्षित रीतीने बिकट झाला आहे. चासकमान आणि डिंभे प्रकल्पांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या आश्रयाने बिबट्या गावाच्या शिवारात आला आणि घोड नदीकाठच्या गावांत माणसांवर जीवघेणे हल्ले झाले. दीर्घ पल्ल्याच्या सरावाला जगभर जी वेळ सर्वोत्तम मानतात ती पहाट, आणि उन्हाळ्यात तर दुसरी वेळच नाही. पण उसाला लागून गेलेल्या वाटेवर अंधारात एकट्याने चालणे इथे शहाणपणाचे नाही. उरतो तो मोठा रस्ता, आणि पुणे-नगर व पुणे-सोलापूर हे दोन्ही महामार्ग पायी चालणाऱ्यासाठी बांधलेले नाहीत. ८९ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन धावलेले आणि शंभरीत टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केलेले फौजा सिंग जुलै २०२५ मध्ये गेले, ते म्हातारपणाने नव्हे. पंजाबातल्या आपल्या गावाजवळ रस्त्यावर त्यांना वाहनाने उडवले. पाटसपासून पुढे पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली तेव्हा दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गाची योजना जाहीर झाली. तो मार्ग आषाढातल्या काही दिवसांपुरता न राहता आसपासच्या गावांतल्या माणसांना बारा महिने, झाडांच्या सावलीत आणि दिव्यांच्या उजेडात वापरता आला, तर दौंड तालुक्याच्या आरोग्याला त्याचा उपयोग एखाद्या नव्या रुग्णालयाइतका होईल. तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान उजाडल्यानंतर तासभर मोठ्यांसाठी खुले ठेवणे ग्रामपंचायतींना सहज जमण्यासारखे आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांनी काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. रात्रपाळीनंतर झोप तोडून केलेला व्यायाम पन्नाशीनंतर लाभापेक्षा हानी अधिक करू शकतो, कारण स्नायूंची दुरुस्ती मोठ्या प्रमाणात झोपेत होते. अशा माणसाने आधी झोप पुरी करावी आणि मग चालावे.

हृदयाविषयी दोन्ही बाजूंनी सांगावे लागते. नियमित सरावाने हृदयविकाराचा धोका घटतो हे निर्विवाद आहे. तरीही स्वीडनमधल्या नव्वद किलोमीटरच्या वासालोपेट या बर्फावरच्या शर्यतीतल्या पन्नास हजारांहून अधिक स्पर्धकांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी ही शर्यत अधिक वेळा आणि अधिक वेगाने पुरी केली त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण जास्त आढळले. श्रमाच्या वेळी छातीवर दाब येणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, नेहमीच्या चढाला अवेळी दम लागणे, ठोके मध्येच चुकल्यासारखे किंवा फडफडल्यासारखे वाटणे, चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर पित्त म्हणून सोडून देऊ नये. पन्नाशीनंतर नव्याने कठोर सराव सुरू करणाऱ्याने रक्तदाब, रक्तातली साखर, मेद आणि हृदयाचा आलेख तपासूनच पाऊल उचलावे, आणि पंढरीची वाट धरणाऱ्याने हे सगळे वैशाखातच उरकून घ्यावे, म्हणजे औषधात काही बदल लागलाच तर तो अंगवळणी पडायला महिनाभर मिळतो.

सर्वांत कमी विचार परतीचा होतो. पूर्वी वारकरी जसा चालत जाई तसाच चालत परत येई; आज पादुका पायी परततात, पण सोबतीला मोजकेच लोक असतात आणि बाकीचे एसटीने किंवा दौंडमार्गे जाणाऱ्या गाडीने एका दिवसात घरी पोहोचतात. अडीच आठवडे कमावलेला दमसास अंथरूण धरल्यास दोन ते चार आठवड्यांत उतरू लागतो, आणि उतारवयात तो पुन्हा मिळवायला तरुणापेक्षा अधिक काळ लागतो. म्हणून घरी आल्यावर आठ-दहा दिवस पायांना आणि झोपेला मोकळीक द्यावी, त्यानंतर आठवड्यातले चार-पाच दिवस गाता येईल अशा वेगाने पाऊण ते एक तास चालावे, दोन दिवस बैठका घालाव्यात, आणि महिन्यातून एकदा, बाजरीच्या खुरपणीतून सवड निघेल तेव्हा, सोबत घेऊन रांजणगावच्या महागणपतीपर्यंत किंवा दौंडकडून भीमा ओलांडून सिद्धटेकपर्यंत, गावापासून जेवढे पडेल तेवढे, लांब अंतर पायी करावे. कार्तिकात आळंदीकडे निघणाऱ्या दिंड्यांबरोबर एक-दोन मुक्काम चालले तर वर्षाचा मधला टप्पाही गाठला जातो.